त्याला दहा दिवस नाहीत

शनिवार, रात्र

खंडूला, माझ्या लांडगा-कुत्रा संकराला, रेबीजचं इंजेक्शन झालं, सही केली. दरवेळी करतेच. पण या वेळी कागदावरचं ते वाक्य शेवटपर्यंत वाचलं आणि तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय. ‘ही लस लांडगा-कुत्रा संकरासाठी परवाना मिळालेली नाही, याची मालकाला कल्पना दिली आहे.’ खाली मालकाची सही. खंडूला कल्पना द्यायची काही सोय नाही.

यात नवीन काहीच नाही. संकरासाठी परवाना असलेली रेबीजची लस इथे अमेरिकेत नाहीच. कुत्र्याचीच, मेलेल्या विषाणूची लस टोचतात. डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देतात, आपण आपल्या जबाबदारीवर घेतो. ती त्याच्या अंगी लागत नसेल असं कुणी म्हणत नाही. लांडग्याची गुणसूत्रं 78, कुत्र्याचीही 78, दोघांच्या पिल्लांनाही पुढे पिल्लं होतात. पण परवाना हवा तर लस दिलेल्या आणि न दिलेल्या प्राण्यांना मुद्दाम रेबीजची लागण करून कोण वाचतं ते बघावं लागतं. मूठभर मालकांसाठी तो खर्च कोणती कंपनी करणार? म्हणून त्याच्या सर्टिफिकेटला किंमत किती, हे वेळ आली की, म्हणजे तो कुणाला चावला की, इथलं आरोग्य खातं ठरवणार.

वेळ आली की. इथेच अडकतेय मी.

कुत्रा चावला तर त्याला दहा दिवस नजरेखाली ठेवतात. दहाच का, तर रेबीजचा विषाणू लाळेत उतरतो तो लक्षणं दिसण्याच्या जेमतेम काही दिवस आधी, आणि एकदा लक्षणं दिसली की जनावर फार दिवस काढत नाही. चावल्यावर दहा दिवस धडधाकट राहिला, तर चावला त्या क्षणी लाळेत विषाणू नव्हता. सरळ हिशोब. कुत्रा, मांजर आणि फेरेट (मुंगसासारखा पाळीव प्राणी), या तिघांना तो लागू. संकराच्या लाळेत विषाणू किती आधी येतो हे कुणी तपासून पक्कं केलेलं नाही, म्हणून त्याला दहा दिवस मिळतीलच असं नाही. तो वन्य प्राण्यात धरला जाऊ शकतो, आणि वन्य प्राण्याची रेबीजची तपासणी मेंदूवर होते. मेंदूचा देठ आणि लहान मेंदू, दोन्हींचे तुकडे लागतात. जिवंतपणी ते होत नाही.

म्हणजे त्याचा जीव त्याच्याच दातावर आहे, आणि दात सांभाळायचा मी. आपलेच दात, आपलेच ओठ असं असतं तर निदान गप्प बसता आलं असतं.

मला खंडूची भीती वाटत नाही. हे कुणाला पटत नाही, आणि आता मी पटवायलाही जात नाही. भीती वाटते ती फाटकावरून हात घालणाऱ्या माणसाची. ‘मला कुत्र्यांचं कळतं’ म्हणणाऱ्याची तर जास्तच. अंगणाबाहेर किंचाळत पळणाऱ्या पोरांची. पळणारं, लहान आणि बारीक आवाजाचं जे काही असेल त्याच्याकडे त्याचे कान वळतात, मग ते शेजारचं चिवावा असो की ससा. यात राग नसतो. रागावलेल्या कुत्र्याला शांत करता येतं. शिकारीकडे टक लावलेल्याला हाक ऐकूच जात नाही.

म्हणून कुंपण. लोक त्याचं काय खाणं, किती खाणं विचारतात. कुंपणाचं कुणी विचारत नाही, आणि सगळा खेळ तिथेच आहे. आठ फूट उंच, नऊ गेजची, म्हणजे जाड तारेची साखळी-जाळी, बारीक तारेची तो दातांनी उसवतो. वर आतल्या बाजूला 45 अंशांत झुकवलेली दोन फुटांची पट्टी, कारण तो उडी मारून ओलांडत नाही, चढतो. पंजे जाळीत रुतवून शिडी चढावी तसा. खाली आतल्या बाजूने चार फूट रुंद जाळी जमिनीवर आडवी अंथरून कुंपणाला तारेने बांधलेली, वर माती. उकरणारा नेहमी कुंपणाच्या मुळाशी उकरतो, चार फूट मागे सरकून सुरुवात करावी हे त्याला सुचत नाही. (अजून.) कुंपणालगत झाड नको, पेटी नको, त्याचं घर तर नकोच, ते मधोमध. फाटकं दोन, एकामागे एक, मध्ये माणूस उभा राहील एवढी जागा, आणि एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दोन्ही आत उघडणारी, म्हणजे त्याने अंग टाकलं तर बंदच होतात. कडी दांड्याची असेल तर उघडलीच समजा. आधी नाक लावून बघतो, मग पंजा दांड्यावर ठेवून वजन देतो आणि मान तिरकी करून फटीकडे पाहत थांबतो. म्हणून कडीत गिर्यारोहणाचा स्क्रूवाला हुक.

आणि हिवाळा. कुंपणाशी बर्फाचा ढीग चार फूट साचला की आठाचे चार होतात. बर्फ थांबला की कॉफीच्या आधी फावडं. झटक्याची तार लावली म्हणून निश्चिंत झोपावं तर कोरडा बर्फ आणि गोठलेली जमीन वीज नीट वाहून नेत नाही. जनावर तारेला चिकटलं तरी झटका जमिनीतून परत जाऊन मंडल पुरं होत नाही, झटका बसतच नाही. त्यावर उपाय म्हणजे एक तार झटक्याची, एक तार अर्थिंगची, आलटूनपालटून, म्हणजे दोन्हींना एकदम स्पर्श झाला की झालं काम. आपल्याकडे रानडुकरांसाठी झटका मशीन लावतात त्यांना हे सांगायची गरज पडत नाही. त्यांचं रान गोठत नाही.

हे सगळं आहे. तरी तो कागद.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात आहे, मुसकं. बैलाचं असतं तसं, पण दाट जाळीचं, टोपलीसारखं. तोंड करकचून बांधणारं कापडी मुसकं याला घालायचं नाही. लांडग्याच्या वंशाचं जनावर मुख्यतः जिभेवाटे उष्णता सोडतं, तोंड मिटलं तर तापतं. माप घ्यायचं ते तो धापा टाकत असताना, तोंड पूर्ण उघडं. मिटलेल्या तोंडाचं माप घेऊन मागवलं की परत पाठवावं लागतं. मग सवय. टोपलीच्या तळाशी शिजवलेल्या कलेजीचा लगदा माखायचा आणि ती हातात धरून बसायचं. आपण नाकाकडे न्यायची नाही, त्याने नाक घालायचं. नाक आत राहायला लागलं की पट्टा फक्त मानेला लावून लगेच काढायचा. मग लावून दोन घास. मग चार पावलं. घाई केली की दुसऱ्या दिवशी टोपली बघूनच तो कोपरा गाठतो आणि सगळं पहिल्यापासून. दवाखान्याच्या आदल्या रात्री आणि निघायच्या दोन तास आधी डॉक्टरांनी लिहून दिलेलं गॅबापेंटिन, धास्ती कमी करणारं औषध. पट्टे दोन, एक हार्नेसला, एक मार्टिंगेल कॉलरला (ओढलं की आवळणारी), कारण याची मान डोक्याहून जाड, साधी कॉलर मागे ओढलं की कानांवरून निघते. दोर साखळीचा. नायलॉन तो कातरतो, दाढेने, एकदाच.

आज हे सगळं व्यवस्थित पार पडलं. कुणी म्हणजे कुणी काही बोललं नाही, बाकावरची बाई तर ‘किती गुणी’ म्हणाली. आणि मी घरी येऊन कागद घेऊन बसलेय.

रविवार

रात्री झोप आली नाही म्हणून जरा रडगाणं. डिसेंबरात भारतात जाता येत नाही. का, तर त्याला कुणी ठेवून घेत नाही. बोर्डिंगवाले फोनवर ‘संकर’ ऐकलं की पुढे विचारतच नाहीत. घराच्या विम्यात तो नाही. लांडग्याचं हे जे थंडीतलं प्रकरण आहे, त्यात नवीन माणसाच्या हाती देताही येत नाही. लांडग्यांचा जोडी जमवायचा हंगाम वर्षातून एकदाच, जानेवारी ते मार्चच्या आसपास. नराचं टेस्टोस्टेरॉन त्याआधीच चढायला लागतं. खंडूचं ऑपरेशन झालंय, तरी थंडी पडली की नूर बदलतो. वाडगं उचलायला गेलं की मान खाली, पाठीवरची लव उभी, डोळा माझ्या हातावर. तेव्हा वाडगं उचलायचं नाही. त्याच्यासमोर त्याहून चांगलं काहीतरी लांब टाकायचं, तो गेला की उचलायचं. तीन महिने सगळं असंच, वळसा घालून. मुंज झाली, साखरपुडा झाला, मामांचं… जाऊ दे.

त्याला आणला कुणी हा विषय आज नको.

पण एक खरं, घेणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत काही कळतच नाही. पिल्लू गोंडस असतं, उचलून नेता येतं. बावीस महिन्यांच्या पुढे तो वयात येतो आणि घरात कोण कुणाचं ऐकणार याची उजळणी सुरू होते. सोफा, भिंतीचा प्लास्टरबोर्ड, फ्रीजचं दार. मग फोन सुरू होतात अभयारण्यांना. कोलोरॅडोत वेस्टक्लिफकडे मिशन वुल्फ आहे, न्यू मेक्सिकोत कँडी किचनला वाइल्ड स्पिरिट आहे. अशा जागा आहेत, चांगल्या आहेत, पण नको झालेल्या प्राण्यांपुढे त्या पुरणार किती? काउंटी बदलली की नियम बदलतो. मिशिगन, हवाईत तर बंदीच. नॉर्वेतही.

विकणारे ‘98 टक्के लांडगा’ म्हणून विकतात. लाळेची डीएनए तपासणी केली की त्यातून हस्की, मालम्यूट आणि जर्मन शेफर्ड बाहेर पडतात. टक्के पाण्यात दूध घातल्यासारखे ठरत नाहीत. एकाच वेतातली दोन पिल्लं, एकाच्या वाट्याला लांडगा जास्त, दुसऱ्याच्या वाट्याला कमी. त्यापेक्षा जनावर बघावं. छाती अरुंद, पुढचे दोन पाय जवळजवळ, कान लहान आणि आतून केसांनी भरलेले, शेपटी सरळ लोंबणारी, कधी गोल वळणारी नाही. खंडू काळा आहे म्हणून लोक हमखास ‘हा तर अस्सल’ म्हणतात. गंमत म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या लांडग्यांना काळा रंग कुत्र्यांकडूनच आला, 2009 मध्ये जनुकांवरून ते सिद्ध झालंय. म्हणजे तो जिथे सगळ्यात जास्त लांडगा दिसतो तिथेच कुत्रा आहे.

डिसेंबर 2023 मध्ये ओरेगॉनहून दहा लांडगे आणून इथे कोलोरॅडोच्या डोंगरात सोडले. तेव्हापासून खंडूला बघून वन खात्याला फोन जातात. मी नारिंगी जाकीट घालते त्याला, कॉलरही नारिंगी, नाहीतर कोयोटी (इथला कोल्ह्यासारखा रानटी प्राणी) म्हणून कुणी गोळी घालायचा. जंगलातल्याला कायद्याचं संरक्षण आहे, गल्लीतल्या कुत्र्याला दहा दिवस आहेत. मधल्याला नारिंगी जाकीट. हसू आलं मला हे लिहिताना, खरंच.

आपल्याकडेही मधले आहेतच. पुण्याच्या आसपासच्या माळरानात फिकट पिवळट रंगाचा, लांडग्यांसोबत फिरणारा प्राणी दिसायचा. त्याच्या जनुकांची तपासणी झाली आणि 2023 मध्ये छापून आलं की तो लांडगा-कुत्रा संकर आहे, भारतातला जनुकांवरून सिद्ध झालेला पहिलाच. तिथली काळजी उलटी. भारतीय लांडगा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, देशभरात साधारण तीन हजार उरलेत. गावकुत्री वाढली, गवताळ माळ तुटत गेले, की लांडग्याला जोडीदार म्हणून कुत्राच सापडतो, आणि सोबत येतात कुत्र्यांचे रोग, डिस्टेंपर आणि रेबीज. धनगरांच्या वाड्यावर लांडगा पडतो तो पोटासाठी, त्याचं एक ठरलेलं वागणं असतं. संकराला माणसाची भीती कमी असेल तर काय, हा प्रश्न आहेच. त्यांच्यासाठी उपाय कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण. खंडूसाठी उपाय मी.

ही ओळ लिहून बराच वेळ बसले. कालपासून जे टोचत होतं ते बहुतेक हेच आहे, आणि लिहिल्यावर ते काही फार मोठं दिसत नाही. फावडं, हुक, मुसकं, वाडगं. रोज करतेच आहे. सही फक्त त्याची पावती.

आई म्हणते, तू येत नाहीस तर मीच येते डिसेंबरात. म्हटलं, मेच्या शेवटी ये. तेव्हा त्याची आतली लोकर गळत असते, घरभर कापूस पिंजल्यासारखं होतं, पण स्वभावाने मऊ असतो. तर म्हणे, मेमध्ये लोणची कोण घालणार? शेवटी जूनवर आली. तिला सांगायचं ते इथेच लिहून ठेवते. आल्या आल्या त्याच्याशी बोलायचं नाही, बघायचंही नाही. बसून राहायचं, वास त्याने घ्यायचा. वरून वाकून डोक्यावरून हात फिरवायचा नाही, हात खालून, छातीपाशी. साडीचा पदर खोचलेला. चष्मा खिशात, तो हमखास पळवतो. त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभं राहायचं नाही. जेवताना तो फाटकाच्या पलीकडे. शिजवलेलं हाड अजिबात द्यायचं नाही, टोकदार फुटतं. त्याचं मटण कच्चं असतं, दिवसाला किलोभर, ते बघून तोंड वाकडं करायचं नाही.

हे सगळं फोनवर ऐकून ती म्हणाली, ‘भाकरी खातो का?’

खातो. तूप लावून खातो. पण हातातून नाही, आई. खाली टाकायची आणि बाजूला व्हायचं.