रिकामा रकाना

शुक्रवार, रात्री साडेअकरा

आमच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्यात, तीन दिवस माझे काम पाहायला आलेल्या कॉलेजच्या मुलीचा मेसेज आला तेव्हा मी भाकरी थापत होते, त्यामुळे तो नीट वाचायला जेवणे उरकावी लागली. निरीक्षण पत्रकाचा फोटो होता आणि खाली लिहिले होते, "मॅडम, एक रकाना रिकामा राहिला आहे, विभागात असे चालणार नाही म्हणाले. त्या तीन दिवसांत तुम्ही कोणकोणते निर्णय घेतलेत ते सांगाल का?" मुलीच्या विचारण्यात खोच अजिबात नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही फोन उपडा ठेवून मी ओटा दोनदा पुसला.

पत्रक तसे नीटनेटके आहे. वेळ, ठिकाण, पाहिलेले काम, वापरलेली उपकरणे, सगळे तिच्या टपोऱ्या अक्षरात भरलेले. चिल नमुना, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा छोटा तुकडा, ग्राइंडरवर घासून मग स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर, आर्गॉन वायूत त्याच्यावर ठिणगी पाडतात, असे तिने लिहिले आहे. तो नमुना तांब्याच्या साच्यात झटकन का गोठवायचा, ग्राफाइट वेगळे पडले तर कार्बनचा आकडा का फसतो, हेही तिने माझ्याकडून खोदून खोदून काढून घेतले होते, तेही आहे. फक्त "मार्गदर्शकांनी घेतलेले निर्णय" या रकान्यात सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही ओळी कोऱ्या आहेत. टिंबसुद्धा नाही.

विभागाने विचारले तेव्हा मीच हौसेने हो म्हटले होते. ऑन जॉब ट्रेनिंगच्या मुलांना क्रेडिट मिळवायचे असतात, ती निदान काही काम तरी करतात. हे जॉब शॅडोइंग त्याहून निराळे: माजी विद्यार्थ्याच्या मागे तीन दिवस फिरायचे, कशालाही हात लावायचा नाही, फक्त पाहायचे. शिरोलीच्या फाट्यावर केएमटीच्या बसमधून उतरून ती चालत आली, मी तिला गेटवर सेफ्टी शूज दिले, ते दोन मापांनी मोठे निघाले आणि त्यातच ती तीन दिवस फटक फटक करत माझ्या मागे फिरली. मोल्डिंगच्या, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्या, मामांनी पहिल्याच सकाळी विचारले, "नुसतं बघायलाच आलीयास व्हय गं?" ती हो म्हणाली. मामांना ते काही पटले नाही. बघण्यासाठी कुणी फाउंड्रीत येते, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हते.

खरे सांगायचे तर रात्री साडेनऊपासून मी त्या तीन दिवसांतला एखादा निर्णय शोधते आहे. सोमवारी मी रिपोर्ट लिहिले, ग्राहकाच्या दोन फोनना उत्तरे दिली आणि त्या दोन्ही उत्तरांत "साहेबांना विचारून सांगते" हेच होते. ती शेजारीच बसली होती, तिने ऐकले असणार. बुधवारचे तर विचारूच नये. एसजी आयर्नच्या, म्हणजे ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असते त्या ओतीव लोखंडाच्या, एका लॅडलचे (ओतायच्या भांड्याचे) मॅग्नेशियम ०.०३१ टक्के आले, आमची खालची मर्यादा ०.०३५ आहे. मॅग्नेशियमची प्रक्रिया झाली की आठ-दहा मिनिटांत ओतून मोकळे व्हावे लागते, नाही तर त्याचा असर उतरत जातो. त्या दिवशी क्रेन अडकली आणि तेवढा वेळ हातातून गेला. सूक्ष्मदर्शकाखाली ग्राफाइटचे गोळे हवे तसे गोल दिसत नव्हते. मी त्यातून ओतलेल्या कास्टिंगना होल्डचे कार्ड लावले, रिपोर्ट काढला आणि त्याच्या तळाशी नेहमीप्रमाणे लिहिले, "निर्णयासाठी सादर". मग वर मीटिंग झाली. दार लावून घेतले होते आणि आम्ही दोघी पॅसेजमध्ये, वॉटर कूलरजवळ उभ्या होतो. तिने विचारले, "मॅडम, आत काय ठरते आहे?" मी म्हटले, "कळेल थोड्या वेळाने."

सतरा वर्षे मी आकडे देते आहे. आकडा माझा, सही माझी, आणि माल ठेवायचा की मोडीत काढायचा ते ठरवणारी माणसे दुसरी. इतकी वर्षे यात मला काही वावगे वाटले नाही, किंवा वाटले असेल तर मी ते वाटू दिले नाही. ते पद दुसऱ्याला गेले त्याबद्दल आज लिहायचे नाही. पण रोजच्या रोज ज्याची मला सवय झाली आहे, ते तीन दिवसांच्या पाहुणीला कोऱ्या जागेच्या रूपाने दिसावे आणि तिने ते तसेच्या तसे कागदावर उतरवावे, याचे वाईट वाटते. आबा उद्यमनगरात ऑइल इंजिनच्या कारखान्यात होते, त्यांनी हा रकाना कसा भरला असता कोण जाणे. ह्यांना फोटो दाखवला तर म्हणाले, "लिही की काहीतरी, कोण तपासणार आहे?" हे त्यांचे सगळ्याच अर्जांबद्दलचे मत आहे.

काहीतरी लिहायचे म्हणून मी फोटो मोठा करून पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि अगदी तळाशी, "इतर निरीक्षणे" या ठिकाणी, पेन्सिलीने लिहिलेली ओळ सापडली: "मॅडम मशीनचा आकडा पाहण्याआधी वाळू मुठीत दाबून पाहतात. हे उपकरणांत लिहायचे का?"

मी एकटीच स्वयंपाकघरात हसले. माझी मूठ उपकरणांच्या यादीत घालावी की नाही, या पेचात ती पोर पडली होती, आणि मी मात्र वरच्या मजल्यावरची दारे मोजत बसले होते. मंगळवारचे आठवले. शेकआउटवरून, म्हणजे साचे फोडतात तिथून, परत येणारी वाळू गरम होती, मुठीत दाबलेला गोळा मोडला तेव्हा त्याच्या कडा भुरभुरल्या, आणि मी मामांना मिक्सरचे पाणी किंचित वाढवायला सांगितले. लॅबमध्ये ओलावा नंतर २.९ टक्के आला, आम्हाला साडेतीनच्या आसपास लागतो. पाणी कमी पडले तर मोल्डची वाळू झडते, जास्त झाले तर कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूची भोके. दिवसाचे दोनअडीचशे मोल्ड त्या वाळूवर उभे राहतात. यासाठी कुणी मीटिंग घेत नाही आणि मीही तो निर्णय आहे असे कधी म्हटलेले नाही. आताही म्हणताना जरा ओशाळल्यासारखेच होते. बुधवारच्या कास्टिंगचे जे व्हायचे ते वरच ठरले, त्यात वाळूने काही फरक पडत नाही.

तीन वेळा लिहून खोडले. एकदा तर "गुणवत्ता नियंत्रणाच्या प्रक्रियेत अनेक महत्त्वपूर्ण निर्णय" असे काहीतरी झाले होते, ते स्वतःलाच वाचवेना. शेवटी पाठवले: "मंगळवारी मिक्सरचे पाणी वाढवायला सांगितले. वाळू कोरडी होती."

तिचे उत्तर लगेच आले, म्हणजे ती वाट पाहत जागी होती.

"थँक्यू मॅडम. सोमवार आणि बुधवारी?"

"रिकामे ठेव. विभागात काही म्हणाले तर माझा नंबर दे."

"ओके मॅडम. मंगळवारचे किती वाजता होते? वेळ पण लिहायची आहे."

पावणेअकरा, असे कळवले आहे. नक्की किती वाजले होते ते मामांनाच माहीत.