रविवार आणि फुटलेला कोफ्ता

आज अमळनेरच्या घरी नर्गिसी कोफ्त्याचा घाट घातला. अर्धा किलो खिमा, 6 उकडलेली अंडी. पहिलाच कोफ्ता तेलात पडला नि उकलला. अंडं एकीकडे, खिमा दुसरीकडे. सासूबाई ओट्याशी उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "पाणी राह्यनं ना व माय त्याम्हा!" खरंच होतं. खिमा धुऊन नीट पिळलाच नव्हता. फडक्यात घट्ट पिळला, फुटाण्याचं पीठ जरा जास्त घातलं, तळहात ओला करून अंड्याभोवती पातळ थापला आणि मंद आचेवर तळला. पुढचे पाचही शाबूत.

रस्सा मात्र आपलाच, खानदेशी. काजू-साय वगैरे लाड नाहीत. कांदा, खोबरं विस्तवावर काळं होईस्तोवर भाजलं, काळा मसाला, वर शेंगदाणा तेलाचा तवंग. (हे वाचून लखनौवाले रागावतील, रागावू देत.)

कोफ्ता सुरीने मधोमध कापला की पांढऱ्यात पिवळा डोळा, नर्गिसच्या फुलासारखा. नाव त्यावरूनच पडलं. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. फुटलेला कोफ्ता रश्श्यात कुस्करून टाकला होता. सासूबाईंनी तोच दोनदा वाढून घेतला.