आमची वाटचाल : सहा चित्रांचा पत्ता

नाशिकमधल्या सातपूरच्या आमच्या गाळ्यात मुलांच्या खेळाचे गोल पत्ते छापले जातात. खेळ सगळ्यांना माहीत आहे: कोणतेही दोन पत्ते उचला, नेमकं एकच चित्र सारखं निघतं.

आमचा संच 5 बाय 5 च्या चौकटीतून निघतो. 25 घरांत 25 चित्रं. आडव्या पाच ओळी, उभ्या पाच, मग तिरप्या: एक घर उजवीकडे गेलं की एक, दोन, तीन किंवा चार घरं खाली, तळ आला की पुन्हा वरून. सहा दिशा, 30 ओळी, ओळ म्हणजे पत्ता. एकाच दिशेच्या ओळी एकमेकींना छेदत नाहीत, म्हणून प्रत्येक दिशेच्या पाचही पत्त्यांवर एक जादा चित्र. त्या सहा जादा चित्रांचा 31 वा पत्ता होतो, तो आम्ही गाळतो. 18 बाय 23 इंची शीटवर सरळ ओळींत 85 मिमीचे 30 गोलच बसतात, आणि पत्ता कमी केल्याने नियम मोडत नाही.

एका मोठ्या घाऊक व्यापाऱ्याला पत्त्यावर सात चित्रं हवी होती. सहा किंवा आठ घ्या, सातांचा 43 पत्त्यांचा पूर्ण संच होतच नाही, असं आम्ही स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या छापखान्याने होकार दिला आणि ऑर्डर तिकडे गेली. कागद आणि डाय (पत्ते कापायचा साचा) आमच्या अंगावर पडले, गाळा सोडायची वेळ आली. तो संच आम्ही पाहिलाय. 6 बाय 6 च्या चौकटीवर हीच सरकवण्याची रीत लावली होती. 6 ला 2 आणि 3 ने भाग जातो, त्यामुळे काही जोड्यांत दोन-तीन चित्रं सारखी, काहींत एकही नाही. रीत बदलूनही उपयोग नाही. 1782 साली गणितज्ञ ऑयलरने 36 अधिकाऱ्यांचं कोडं मांडलं: सहा पलटणींतले सहा हुद्द्यांचे अधिकारी 6 बाय 6 च्या चौकटीत असे उभे करा, की प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच येईल. ते सुटत नाही, हे फ्रेंच गणितज्ञ तारीने 1901 पर्यंत हाताने तपासून दाखवलं. सात चित्रांचा पूर्ण संच झाला असता, तर त्यातून ते कोडंही सुटलं असतं; ते सुटत नाही म्हणून हा संचही नाही. मुंबई विद्यापीठात गणित शिकवणारे शरच्चंद्र श्रीखंडे यांनी 1959 मध्ये बोस आणि पार्कर यांच्यासोबत 10, 14 वगैरेंच्या चौकटीतही हे कोडं सुटणार नाही हा ऑयलरचा अंदाज खोटा ठरवला, पण 6 चा अपवाद त्यांनाही हटवता आला नाही. एवढ्या पक्क्या गोष्टीवर ऑर्डर गेली, हे आजही खुपतं.

तेव्हा तारलं मेन रोडच्या एका खेळणीवाल्या काकांनी. ते प्रत्येक गठ्ठ्यातला एक संच फोडून चित्रं मोजतात: 25 चित्रं सहा-सहा वेळा, बाकीची सहा पाच-पाच वेळा. तरी दोन पत्त्यांतली चित्रं आपसात बदलली गेली, तर मोजणीत चूक दिसत नाही. म्हणून छपाईची प्लेट काढण्याआधी 435 च्या 435 जोड्या संगणकावर तपासून घ्याव्यात.

या धंद्यात उतरणाऱ्यांनी संत्रं आणि मोसंबी एकाच संचात घेऊ नये. प्रत्येक पत्त्यावर चित्राचा लहान-मोठेपणा आणि कल बदलावा, नाहीतर मूल जोडी लगेच हेरतं. डिझायनरने एका पत्त्यावर द्राक्षाचा घड बदलला, तर तो असलेल्या सगळ्या पत्त्यांवर बदललाच पाहिजे. लॅमिनेशन पंचिंगच्या (गोल कापण्याच्या) आधी करावं, नंतर केलं तर कडा सुटतात.