बाबांच्या डीटीपी पीसीची अख्खी डिस्क: काम कुठवर आलंय

मागच्या वेळी लिहिलं होतं की बाबांचा जुना पीसी घरी आणलाय आणि त्याच्या 500 जीबी डिस्कचा पूर्ण बॅकअप काढायचाय, तर आता प्रोग्रेस. उशीर झाला कारण मध्ये स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला, ते पुढे येतंच.

आधी हे सांगतो की नुसत्या फाइली कॉपी करून का भागत नाही, कारण तिघाचौघांनी तेच विचारलं. बाबांचं दुकान डीटीपीचं, लग्नपत्रिका, हँडबिलं, मंडळांच्या स्मरणिका, सगळं पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आणि तेही युनिकोडच्या (आता सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरं देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये. ती फाइल माझ्या मशीनवर उघडली तर 'चि. सौ. कां.' च्या जागी नुसते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे किडेमकोडे दिसतात. फॉन्ट, सॉफ्टवेअर, डोंगलचा (म्हणजे जो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही त्या चावीसारख्या तुकड्याचा) ड्रायव्हर, सगळं त्या एका विंडोज 7 मध्ये बसवलेलं, आणि सीड्या कधीच गेल्या. म्हणजे डिस्क जशी आहे तशी, विंडोज सुरू करून देणाऱ्या बूट सेक्टरसकट उचलायची. (ही डिस्क 2011 च्या शेवटची, थायलंडच्या पुरामुळे हार्ड डिस्कचे भाव भडकले होते तेव्हाची. बाबा अजून सांगतात किती पैसे मोजले ते.)

डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो लावलं तर पिवळं, कॉशन. सी5 म्हणजे पेंडिंग सेक्टर, डिस्कला धड वाचता न येणारे संशयित तुकडे, समोर 28. मी म्हटलं ठीके 28 तर 28, मग आठवलं की त्यात रॉ व्हॅल्यू हेक्समध्ये, म्हणजे 16 च्या पटीत मोजून, दिसते, म्हणजे खरे 40. तिथेच क्लोनझिलाचा, म्हणजे डिस्कची नक्कल काढणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरचा, बेत रद्द केला. क्लोनझिला मला फार आवडतं, फक्त वापरलेले ब्लॉक घेतं, इमेज (अख्ख्या डिस्कची फाइलरूपी नक्कल) आटोपशीर होते, पण ते धडधाकट डिस्कसाठी, खराब सेक्टर आला की अडून बसतं. त्याला रेस्क्यू ऑप्शन आहे पण मरायला टेकलेल्या डिस्कवर मला डीडीरेस्क्यूच बरं वाटतं, ते खराब जागा सोडून आधी वाचता येईल तेवढं उचलतं. आणि कुणी चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं टूल) चालव म्हणालं तर अजिबात ऐकू नका, ते त्याच डिस्कवर लिहीत सुटतं.

जुन्या पीसीला सगळे यूएसबी 2 चे पोर्ट, जेमतेम 30 एमबी सेकंदाला, म्हणजे साडेचार तास नुसते वाचण्यात. म्हणून डिस्क काढून माझ्या मशीनच्या साटा पोर्टला (डिस्क थेट जोडायच्या आतल्या पोर्टला) लावली, 2 टीबीची नवी एक्सटर्नल निळ्या, म्हणजे वेगवान यूएसबी 3 च्या पोर्टला, आणि पेनड्राइव्हवरून सिस्टमरेस्क्यू ही लिनक्स सिस्टम बूट केली. एक्सटर्नल आधीच ईएक्सटी4 या लिनक्सच्या पद्धतीत फॉरमॅट करून घेतली. कुठली डिस्क कुठली हे एलएसबीएलके या डिस्कची यादी दाखवणाऱ्या कमांडला मॉडेल आणि सीरियल दाखवायला लावून तीनदा बघितलं, डिस्कवरच्या स्टिकरशी ताडून. इथे सोर्स आणि डेस्टिनेशन उलटं झालं की खेळ खल्लास.

पहिला राउंड गुरुवारी. हो, गुरुवारी, लाईट जाण्याचाच वार, मला कळायला हवं होतं. छान 80-85 एमबी सेकंदाला चाललं होतं, 61 टक्के झाले आणि लाईट गेली. मी निवांत, कारण डीडीरेस्क्यूची मजाच ती, कुठपर्यंत वाचलं ते मॅपफाइलमध्ये लिहून ठेवतं, परत तीच कमांड दिली की तिथूनच पुढे. लाईट आल्यावर बघतो तर मॅपफाइल कुठाय? मी ती होम फोल्डरमध्ये ठेवली होती, आणि पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या सिस्टमचं होम म्हणजे रॅम, लाईट गेली की पुसलं!! गेली. इमेजचा तुकडा एक्सटर्नलवर पडलेला पण त्यातलं काय भरलंय काय नाही याचा हिशोब नाही, म्हणजे आजारी डिस्क परत पहिल्यापासून वाचायची. जेवलो नाही त्या रात्री नीट.

दुसरा राउंड शनिवारी रात्री, शेजारच्यांचा यूपीएस मागून आणला, मॅपफाइल एक्सटर्नलवर. आधी मायनस एन देऊन, म्हणजे अडेल तिथे खरवडत बसू नको, सोपं सोपं आधी उचल. पावणेदोन तासांत 99.99 टक्के. मग मायनस डी (थेट डिस्कवरून वाच) आणि मायनस आर 3 (तीनदा प्रयत्न कर) देऊन उरलेल्या जागांवर पुन्हा. हा भाग बघवत नाही, डिस्क टक्... टक्... करत राहते आणि आकडा हलत नाही, बाबा दारात उभं राहून विचारतात, "अरे, आवाज कसला येतोय?" मी म्हटलं, "काही नाही बाबा, तुम्ही झोपा." शेवटी बॅड एरिया 3, एकूण 12288 बाइट, म्हणजे 4096 चे तीन तुकडे. 500 जीबीत 12 केबी, मी खुश.

पण ते 12 केबी नेमके कशातले? यासाठी डीडीरेस्क्यूचा फिल मोड भारी आहे. इमेजची एक कामचलाऊ कॉपी एसएसडीवर घेतली, त्यातल्या न वाचल्या गेलेल्या जागांवर एक ओळखू येईल असा शब्द भरला, कॉपी रीड-ओन्ली माउंट केली, म्हणजे फक्त वाचण्यापुरती उघडली, आणि ग्रेप या शोधायच्या कमांडने तो शब्द शोधला. एकच फाइल सापडली, 2013 ची एका गणेश मंडळाची स्मरणिका. बाकी दोन तुकडे बहुतेक रिकाम्या जागेत. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "तिचे छापील अंक माळ्यावर पडलेत दोन."

काल मूळ इमेजवरून व्हर्च्युअलबॉक्ससाठी (आपल्या मशीनमध्येच दुसरा नकली पीसी, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) व्हीडीआय, म्हणजे त्याच्या पद्धतीची डिस्क फाइल, बनवली. पहिल्या बूटला निळी स्क्रीन, एररचा कोड 7बी, म्हणजे विंडोजला बूट डिस्कच सापडत नाही. घाबरू नका, व्हर्च्युअलबॉक्समध्ये डिस्क कंट्रोलर नव्या एएचसीआय पद्धतीचा होता, जुन्या पीसीत बायॉसला जुनी आयडीई पद्धत होती, तो आयडीई केला की सरळ वर आलं, तोच वॉलपेपर, डेस्कटॉपवर तेच 'नवीन नवीन फायनल' फोल्डर. विंडोज अॅक्टिव्हेशन मागतंय ते बघू. डोंगल यूएसबीचा आहे, व्हीएमला पास केला, पेजमेकर उघडलं, पत्रिका उघडली आणि अक्षरं जागच्या जागी. नेटवर्क बंद ठेवलंय, सुरक्षेचे अपडेट थांबलेली विंडोज 7 आहे शेवटी.

आत्ता दुसऱ्या एक्सटर्नलवर इमेजची कॉपी होऊन शा256 (दोन्ही कॉप्या हुबेहूब आहेत का ते पडताळणारा हिशोब) चालू आहे, सव्वा तास लागेल. जुळलं की ती दुसरी एक्सटर्नल रविवारी ताईबरोबर साताऱ्याला, आणि जुनी डिस्क बाबांच्या कपाटात, कारण ती टाकून द्यायला ते काही तयार नाहीत.