खाडीचा प्रस्ताव, दुसऱ्यांदा

ठाणे खाडीतल्या संशोधनाच्या निधीसाठी केलेला माझा प्रस्ताव परीक्षकांच्या शेऱ्यांसह परत आला; तो सुधारून पुन्हा पाठवतेय. त्यांचा एक शेरा मला फार मोलाचा वाटतो: नमुने घेण्याची पद्धत अस्पष्ट. ठाणे खाडीत भरती-ओहोटीबरोबर क्षारता बदलते. मग कुठल्या ओहोटीला, चिखलाच्या किती खोलीवरून नमुना घेणार, हे विचारणारच ना! आता तेच सविस्तर लिहितेय.

विषयही आवळलाय. खाडीत येणाऱ्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांपैकी मोठा रोहित चिखलातले बारीक जीव गाळून खातो, लहान रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळ. मी फक्त चिखलातले ते बारीक जीव मोजणार. २०२२ पासून खाडी रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, हे एका ओळीत पुरे.

खर्चातलं बोटीचं भाडं मात्र कमी करणार नाही. ऐरोलीच्या काठावरून खाडीच्या मधला चिखल गाठता येत नाही. सोमवारी पाठवतेय.