आधी मोबाईल, मग कागद

आज दुपारी पुण्यात मुठा नदीवरच्या भिडे पुलाशी पाणी चढत होतं. छत्री मानेत धरून आधी आमच्या पेपरच्या वेबसाइटसाठी चार ओळी टाइप केल्या, व्हिडिओ पाठवला. पूर्वी खडकवासला धरणातून पाणी सोडल्याची बातमी पहाटे सायकलवरून घरोघरी पोचायची. आता लोक थांबत नाहीत, आणि नदीकाठच्यांनी थांबूही नये. तरी पाटबंधारे खात्यात फोन करून पक्का केल्याशिवाय विसर्गाचा आकडा टाकला नाही. तोवर चुकीचा आकडा ग्रुपवर फिरत होता! १८८१ साली याच पुण्यात ‘केसरी’ निघाला तो साप्ताहिक म्हणून. मजकूर दोनदा वाचायला उसंत होती. आता ती आपणच काढायची. संध्याकाळी छापील अंकासाठी पुन्हा लिहायला बसले, तेव्हा डोक्यावर शेगडी घेऊन निघालेल्या मावशींपासून सुरुवात केली.