पाच लॅप आणि चोवीस कचोऱ्या

मंगळवारी शर्यतीत माझे पाच लॅप, म्हणजे फेऱ्या, कापले. तिसरा आलो होतो, फळ्यावर सहावा लागलो. चार दिवस झाले, डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकतो. बायको म्हणते, प्रमोशन हुकलं तेव्हाही इतका बोलला नव्हतास.

इथे इंग्लंडात, लेस्टरला, मी दर मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये जातो, हे आईनं तिकडे इंदूरला सगळ्यांना सांगितलेलं आहेच. कशाला जातो ते तिनं नीट सांगितलेलं नाही, त्यामुळे तिलकनगरच्या मावशींचा काळजीचा फोनही येऊन गेला. मावशी, धर्म जागेवर आहे. हॉल भाड्यानं घेतलेला आहे आणि त्यात आम्ही बारा जण खेळण्यातल्या मोटारी पळवतो.

स्लॉट कार म्हणतात त्याला. लाकडी ट्रॅक, त्यात सहा खाचा, प्रत्येक खाचेच्या दोन्ही अंगांना तांब्याची पट्टी. गाडी खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्शाची, तळहातावर मावेल एवढी. तिच्या पोटाखालचं पातं खाचेत बसतं आणि पात्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारांची विणलेली झालर असते, ती पट्टीवरून वीज उचलते. हातात पिस्तुलासारखा कंट्रोलर. स्टिअरिंग नाहीच. ट्रिगर किती दाबायचा आणि कुठे सोडायचा, एवढंच कौशल्य. पण ते ‘एवढंच’ शिकायला मला दोन हिवाळे लागले. वळणावर श्वासभर उशीर झाला की गाडी खाचेतून उडते आणि भिंतीजवळच्या खुर्च्यांखाली जाऊन पडते.

मग ती उचलतं कोण? माझं सगळं दुखणं इथे आहे.

उचलतात ते मार्शल, आणि मार्शल म्हणजे आपणच. सहा जण पळवतात तेव्हा उरलेले सहा ट्रॅकभोवती नेमून दिलेल्या वळणांवर उभे राहतात. गाडी उडाली की उचलायची, रंगाची चिकटपट्टी बघून तिच्याच खाचेत ठेवायची. दोन गाड्या एकदम पडल्या तर जिची चूक नाही ती आधी. स्वतःच्या दोस्ताची आधी नाही. प्रत्येकाला सहाही खाचांवर सारखाच वेळ मिळतो, कारण बाहेरची खाच आणि आतली खाच यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. आणि जितका वेळ पळवली तितकाच वेळ उभं राहून दुसऱ्यांच्या उचलायच्या. पहिला येणाऱ्यानंही आणि काल आलेल्यानंही. आमच्या क्लबचे सेक्रेटरी आजोबा पंचाहत्तरीचे आहेत, गुडघा बदललेला आहे, ते स्टूल घेऊन तिसऱ्या वळणावर बसतात, पण बसतात.

आता माझा गुन्हा ऐका. त्याच मंगळवारी क्लबात माझा वाढदिवस होता. आपल्याकडे वाढदिवस ज्याचा तो खाऊ घालतो, म्हणून मी घरून आलू कचोऱ्या नेल्या. इंदूरच्या राजवाड्याजवळच्या कचोरीची सर नाही, पण बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानातून हिंग आणि आमचूर आणून, रविवार घालवून केलेल्या. चोवीस. माणशी दोन. माझी शर्यत संपली आणि मनात आलं, थंड कचोरी या लोकांच्या पहिल्या ओळखीला बरी नाही. हॉलला लागून स्वयंपाकघर आहे, तिथे ओव्हनमध्ये घालायला गेलो. गेलो तो गेलोच, कारण ओव्हन गॅसचा आणि त्याचा खटका मला सापडेना.

तेवढ्यात माझ्या वळणावर एका तेरा वर्षांच्या मुलीची गाडी पडली. तिच्या आजोबांबरोबर येते ती. वळणावर कुणी नाही. गाडी पडून राहिली, शेवटी पलीकडचा मार्शल धावत आला. मुलीचे तीन लॅप बुडाले म्हणे. मी कचोऱ्यांचा ट्रे घेऊन बाहेर आलो, तर सगळे माझ्याकडे बघताहेत. आरडाओरडा नाही. तो असता तर बरं झालं असतं, निदान आपलं काही बोलता आलं असतं. सेक्रेटरी आजोबांनी चष्मा वर केला, वही उघडली, म्हणाले, मार्शलिंग चुकलं, पाच लॅप. मग दोन कचोऱ्या खाल्ल्या, चटणी कशाची आहे ते विचारलं, आणि माझ्या नावापुढचा आकडा खोडून नवा लिहिला.

म्हणजे कचोरी पण खायची आणि लॅप पण कापायचे. अरे भिया! (इंदुरात भावाला भिया म्हणतात.)

त्या रात्री गाडी चालवत घरी येताना मी मनातल्या मनात कितीतरी भाषणं केली. शिस्त तुम्ही आम्हाला शिकवणार? मी इंदूरचा आहे. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर म्हणजे इंदूर, हे पोरंही सांगतील. ओला कचरा, सुका कचरा आम्ही घंटागाडीचं गाणं ऐकून वेगळा करतो, आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे मिरवणूक, निघून गेल्यावर राजवाडा किती वेळात धुऊन निघतो ते या लोकांनी एकदा येऊन बघावं. नियम आम्हालाही पाळता येतात. पण पाहुण्यांना गरम वाढण्यासाठी उठलेल्या माणसाला दंड करणारा नियम आमच्याकडे कुणी लिहिलाच नसता. आणि ती मुलगी? तिनंही नंतर दोन कचोऱ्या खाल्ल्या. मी तिला सॉरी म्हणालो, ती ‘इट्स फाइन’ म्हणाली. मला तरी ते फाइन वाटलं.

हे आजोबा काही खडूस नाहीत, हेही लिहायला हवं. पहिल्या दिवशी मी नुसता बघायला गेलो होतो, तर त्यांनी स्वतःची गाडी आणि स्वतःचा कंट्रोलर हातात दिला. नवा, इलेक्ट्रॉनिक. जुन्या कंट्रोलरमध्ये वायरीचा रोध असायचा, तास-दीड तासात हाताला चटका लागेल इतका तापायचा. नव्यात गोल चकत्या असतात. ट्रिगर किती नाजूक हवा आणि ब्रेक किती हवा, दोन्ही फिरवून लावता येतं. ब्रेक म्हणजे चाकाला काही दाबत नाही. ट्रिगर सोडला की मोटरची दोन टोकं आपसांत जोडली जातात, फिरती मोटर जनित्र होते आणि स्वतःलाच मागे ओढते. हे त्यांनी मला चहाच्या कपाभोवती बोट फिरवत समजावलं. मी इंजिनिअर आहे हे सांगायचं मला सुचलंच नाही. पुढे मीही इटलीत बनलेला असा एक घेतला. किंमत लिहीत नाही, आई वाचते. एवढंच सांगतो की इथे लोक दारूवर आणि फुटबॉलवर याहून जास्त उडवतात.

आमच्या क्लबात गाडीखालचं चुंबक काढून टाकायचं असतं. बाजारातल्या गाडीला ते असतं, ट्रॅकच्या लोखंडी पट्टीला चिकटून राहतं, म्हणून मुलांची गाडी सहसा उडत नाही. तांब्याला चुंबक धरत नाही, शिवाय त्याचा आधार घेणं इथे कमीपणाचं समजतात. मग सगळी भिस्त टायरवर. शर्यतीआधी चिकटपट्टीवर टायर घासून धूळ काढतात, तेव्हा अख्खा हॉल चर्रर्र करतो. दातांचाही हिशेब असतो: मोटरच्या चाकीला ९ आणि मागच्या आसाच्या चाकाला २७, म्हणजे मोटरचे तीन फेरे तेव्हा चाकाचा एक. वेग हवा की वळणातून सुटतानाचा झपाटा, यावर दोन म्हातारे अर्धा तास भांडू शकतात.

आणि इतिहास! इथे खेळण्यालाही इतिहास असतो. फ्रेड फ्रान्सिस नावाच्या माणसाची स्प्रिंगवर चालणारी स्केलेक्स गाडी होती, तिला वीज जोडून १९५७ साली हॅरोगेटच्या खेळण्यांच्या जत्रेत त्यानं स्केलेक्सट्रिक, म्हणजे हाच खाचेतल्या गाड्यांचा खेळ, मांडला, हे इथे पाठ असतं. २००९ मध्ये टीव्हीवरच्या जेम्स मेनं इथल्या ब्रुकलँड्सची मोडीत निघालेली शर्यतीची वाट स्केलेक्सट्रिकच्या तुकड्यांनी पुन्हा जोडली, पावणेतीन मैलांहून लांब. क्लबातला एक जण ते ‘आम्ही केलं’ असं सांगतो. खोदून विचारलं तर तो त्या दिवशी बघायला गेला होता.

हे ऐकून ऐकून मी एकदा आपलं नाणं काढलं. म्हटलं, माझ्या शहराच्या राजाकडे, यशवंतराव होळकरांकडे, १९३० च्या दशकातली ड्युसेनबर्ग मोटार होती, केशरी आणि काळी, जगात तशी दुसरी नाही. तिची प्रतिकृती मी स्वतः बनवतोय. (बनवतोय. दीड वर्ष झालं. मडगार्डपाशी अडलंय.) सेक्रेटरी आजोबांचे डोळे चमकले. म्हणाले, हो हो, गर्नी नटिंगनं बॉडी बांधली होती ना तिची, लंडनला. झालं. इंजिन अमेरिकेचं, बॉडी लंडनची, मग आमचं काय? राजा आमचा, आवड आमची, आणि रंगही आम्हीच सांगितला असणार, असं मी म्हणालो. ते हसले. मला ते हसणं तितकंसं आवडलं नाही.

शनिवारी सकाळी दादाला फोन लावला. दादा म्हणजे चुलतभाऊ, रामबागेतल्या घरी आता तोच राहतो. त्याला लॅपची गोष्ट सांगितली, कारण दुसऱ्या कुणाला त्यातलं दुखणं कळलं नसतं. आमच्याकडे १९८८ च्या दिवाळीत हाच खेळ आला होता. आत्याचे मिस्टर इंग्लंडहून घेऊन आले होते. प्लॅस्टिकचा आठ आकड्याचा ट्रॅक आणि मेट्रो नावाच्या दोन गाड्या, एक लाल, एक पांढरी. मेट्रो गाडीचं नाव असतं यावर आमचा विश्वास बसला नव्हता. आता इंदुरातच मेट्रो धावते. सेट वर्षभर माळ्यावर, फक्त गणपतीत आणि दिवाळीत खाली. पावसाळ्यानंतर पट्ट्यांना गंज चढलेला, तो काका रॉकेलच्या फडक्यानं पुसायचे. ट्रान्सफॉर्मर जळला तर महारानी रोडवर एकानं तो पुन्हा गुंडाळून दिला होता. आणि झालर झिजली की रेडिओतली बारीक तार चिमटीत पिळून लावायची. ती झालर विकत मिळते, तिला ब्रेड म्हणतात, पण पाव तो वेगळा, हे मला थेट इथे आल्यावर कळलं.

माझी आठवण अशी, की गाड्या दादा आणि मोठी ताई पळवायचे आणि मी पलंगाखाली. उडाली की उचल. ‘भिया, लाल आण.’ सगळी दिवाळी मी पलंगाखालून लाल आणि पांढरी आणली. म्हणून तर इथे येऊन, वयाच्या चाळिशीत, हे सुरू केलं. म्हणून तर पाच लॅप लागले मनाला. दादाला म्हटलं, जन्मभर मार्शलच तर होतो मी, आणि एकदा उठलो तर दंड.

दादा गप्प झाला. मग म्हणाला, ‘तू? तू पलंगाखाली कधी गेलास रे? तुला झुरळाची भीती. लाल गाडी कायम तुझ्याकडे, नाही दिली की तू रडायचास, आणि आजी आम्हाला ओरडायची. पलंगाखाली ताई जायची.’

मला तसं आठवत नाही. दादाची स्मरणशक्ती तशीही कच्चीच, लग्नाची तारीखसुद्धा वहिनी सांगते. ताईला विचारलं असतं, पण ती पुण्याला नातवात गुंतलेली असते, तिला आता या गोष्टींसाठी कशाला त्रास द्यायचा.

संध्याकाळी दादानं फोटो पाठवला. सेट माळ्यावरच होता. खोका फुगलाय, पट्ट्या तपकिरी झाल्यात, पांढरी मेट्रो आहे, लाल नाही. त्याच्या मुलाला मात्र यात काडीचा रस नाही, त्याला कॅरेरा कंपनीची नवी ‘हायब्रिड’ खेळगाडी हवी. २०२४ मध्ये आली, तिला खाचच नाही, फोनवरून चालवायची आणि ट्रॅकवर राहायला गाडी स्वतः मदत करते. मी त्याला समजावलं, बेटा, खाच नसेल तर त्यात मजा काय? तो म्हणाला, काका, खाच असेल तर त्यात मजा काय? पोरगं हुशार आहे, पण उलट बोलतं. हे लाड दादाचे.

येत्या मंगळवारी मला पहिलं मार्शलिंग तिसऱ्या वळणावर लागलंय. आजोबांनी निरोप पाठवलाय, स्टूल हवं असेल तर घे. आणि शेवटी एक आडवी ओळ: चटणीची कृती आणशील का.

चिंचेची आहे, आणीन. आणि एक काम होतं. डिसेंबरात इकडून इंदूरला कुणी निघणार असेल तर कळवा. पाव किलोचं पार्सल आहे, ब्रेडच्या सहा जोड्या आणि एक लाल गाडी. रामबागेत पोचवायची नसेल तर दादा स्टेशनवर येऊन घेईल.